धान कापलं तरी बुढा मचाणावर

जवळ ये पोरी. अशी दारातल्या खाटेवर पाहुण्यासारखी बसू नको. इतक्या दिवसांनी आली, अन् तेही एकटी. जावयाची तपासणी झाली, तवापासून त्याचं ताट वेगळं, गिलास वेगळा, हे मले बाहेरच्या बायांकडून कळते. सख्खी भाची असून मावशीले सांगत नाई, हे बरं दिसते का? चहा घे अन् आता माझं ऐक.

तुझ्या मावशाले टीबी झाला होता, तवा रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. मग माझं तपासलं, माझ्यात नाई निघाला. कुठून आणला ते मी विचारलं, त्यानं खरं सांगितलं, अन् मी आठ दिवस फक्त कोंबड्यांशी बोलली. नवव्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे का, असं त्याले विचारलं. संसार पुन्हा सुरू झाला.

पण बुढ्याच्या मनात भेव बसलं, माझ्यामुळे हिले होईल. गोळ्या सुरू झाल्या, अंगावर मांस आलं, भेव काही जाईना. तेवढ्यात बांधीतलं धान निसवलं, लोंब्या आल्या, अन् त्याले बहाणा सापडला.

"रानडुकरं येऊन राह्यले. मी मचाणावरच झोपतो."

राखणीले सारेच जातात, मीही घोंगडी काढून दिली. पण धान कापलं, मळणी झाली, पोती घरात आली, तरी बुढा मचाणावरच. जेवणही तिकडंच.

शेजारीण म्हणे, "बाई, भाऊ आता काय राखून राह्यले? धसकटं?"

"धसकटालेही राखण लागते," मी म्हणली. हसली तिच्यासंगं. पण मनात कळून राह्यलं होतं, असंच चाललं तं आमचं लग्न त्या मचाणावरच संपणार.

गोळ्या आणायच्या दिवशी मी त्याच्यासंगं निघाली. एसटीत तिघांच्या सीटवर दोघं दोन टोकाले, मधात थैली. जिल्ह्याच्या दवाखान्यात समजावून सांगणारी बाई असते, तिले मी सरळ विचारलं, "बाई, हा माणूस दोन महिने झाले मचाणावर झोपून राह्यला. यात तुमच्या गोळीचा काही दोष?"

बाईनं रजिस्टर तोंडासमोर धरलं. ते खाली ठेवलं तवा चेहरा सरळ होता. म्हणाली, "भाऊ, तुमच्या रक्तात विषाणू आता तपासणीत सापडतही नाही. गोळी रोज वेळेवर घेत राहा, म्हणजे संबंधातून बाईंना होणार नाही. एका ताटात जेवल्यानं तर कधीच होत नव्हतं. बाईंनी आपली तपासणी करत राहायची. निरोध पाहिजे असतील तर तेही देते."

बुढा जमिनीकडे पाहत म्हणे, "या वयात?"

"थैली माझ्याजवळ आहे. टाका बाई," मी म्हणली.

घरी आलो अन् हा पुन्हा घोंगडी घेऊन निघाला.

"आता काऊन?"

"गावाले काय सांगू? डुकरं रिटायर झाली म्हणून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोधडी काखेत मारली, वरण-भाताचं गंज डोक्यावर घेतलं अन् मचाणावर चढली.

"उतर. हे एका माणसाच्या मापाचं आहे."

"मंग तुमी उतरा."

तो उतरला नाई, मी मांडी घालून बसली. बांबू एकदा कुरकुरला, दुसऱ्यांदा कुरकुरला, अन् आमी दोघं अलगद खाली, मळणीतून उरलेल्या तनसाच्या ढिगावर. वरण माझ्या केसात.

शेजारीण बाजूच्या बांधीतून धावत आली. "काय झालं भाऊ?"

बुढा माझ्या केसातली शितं काढत होता. "डुकरीण आली होती," म्हणे. "मी म्हणलंच होतं, राखण पाहिजे."

गंजात जरासा भात उरला होता. त्यानं तो त्याच गंजात कालवला, एक घास स्वतः घेतला अन् गंज माझ्याकडं सरकवलं. तनसात बसूनच आमी जेवलो. मग गोधडी त्यानं उचलली अन् घराकडं निघाला, मले न विचारता.

यंदाचं मचाण त्यानं दोघांच्या मापाचं बांधलं. धान निसवायले आलं आहे. लवकर ये पोरी, अन् जावयाले घेऊन ये. तुमा दोघांसाठी मी ताट एकच मांडणार आहे.