युगुलगीताचे भवितव्य आणि आमचा परिसंवाद

रसिकजनहो, आज मानोऱ्याच्या चहाटपरीवर अस्मादिकांच्या अध्यक्षतेखाली गहन परिसंवाद संपन्न झाला. विषय: आपल्या गावच्या पूजा-राहुलचे नवे युगुलगीत रेडिओवर चालेल काय? दुपारच्या फर्माइशीत श्रोत्यांचे पुरेसे फोन आले, तर ते रोज वाजणार होते.

गजाननराव म्हणाले, "सुरुवातीची बासरीच लय लांब हाय. लोकं स्टेशन बदलतीन."

"बासरी काहून कापता भाऊ? थेच त जीव हाय गान्याचा," प्रल्हादने प्रतिवाद केला.

बासरी अबाधित राखण्याचा ठराव एकमताने संमत होईतो कार्यक्रम समाप्त झाला होता. फोन आमच्यापैकी एकानेही केला नव्हता.

आत्ताच पूजाचा संदेश आला: "काका, आमी दोघं रेडिओपाशीच बसून होतो. तुमाले लाइन भेटली नसन न?"

सुज्ञहो, तिनेच सुचविलेली ही सबब स्वीकारावी, की सत्यकथन करावे?