फायरवॉलला विसावा

पुण्याच्या कंपनीचं काम लोह्यातल्या घरून करायची परवानगी बुद्धप्रियाला एका अटीवर मिळाली होती. घरातल्या फायरवॉलचं प्रत्येक अपडेट वेळेवर व्हायला हवं. फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या दारावर बसवलेला राखणदार, दिसायला चपटा काळा डबा. अपडेट राहिलं की चोरांना ठाऊक असलेली भोकं तशीच उघडी राहतात, मग कंपनी म्हणते, बाई, तू ऑफिसातच ये. आणि वडील गेल्यापासून आई, सरजाबाई, इथं एकटी.

पण हे लचांड काही पुरं होईना. काम थांबलेलं असतं म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत अपडेट लावायची आणि जेवून येऊन बघते तर अर्धवट. लाईटीला शिव्या घालून झाल्या, इन्व्हर्टर घेऊन झाला, तरी रडगाणं तेच. हेल्पलाईनवरचा माणूस थंडपणे म्हणायचा, "मॅडम, बंद करून परत चालू करा." फोन भिंतीवर आपटावा असं तिला वाटे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती चार घास कसेबसे गिळून लवकर उठली. बाहेरच्या खोलीत येते तर डब्याचे दिवे विझलेले आणि आई बटणापाशी उभी.

"माय! तू बंद केलंस?"

"लई तापलं व्हतं गं. जरा इसावा दिला. रोज दुपारचा देते की."

रोज! बुद्धप्रियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती काय हिरीवरची मोटार हाय का?"

"मोटार जळलीच की आपली. तुझा बाप इसावा देईना, समदा भुईमूग वाळला." आईचा आवाज बारीक झाला. "हे जळलं तर तू पुण्याला जाशील."

आता हिच्यावर ओरडायचं तरी कसं? राग मात्र जाईना. "माय, बंद केलं तरच मला जावं लागतंय," एवढं सांगून तिने दात-ओठ खात अपडेट पुन्हा लावलं.

आई डब्यासमोर मांडी घालून बसली आणि पुठ्ठ्याने त्याला वारा घालू लागली. बटणाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासात अपडेट पुरं झालं. बुद्धप्रियाने सुस्कारा सोडला, तोच लॅपटॉपच्या पडद्यावर ओळ उमटली: नवीन अपडेट उपलब्ध.

"मेलं, परत आलं!" तिने कपाळावर हात मारून घेतला.

आईचा पुठ्ठा थांबला नाही.

"येऊ दे की. ते येत ऱ्हाईल तवर तू बी हितंच ऱ्हाशील."