धडधाकट पोरं पाहिजेत

सत्त्याण्णव सालच्या भादव्यात मिरजगावजवळच्या एका गावात शहरातल्या कुठल्याशा संस्थेची जीप आली. त्यांना दीड महिन्याची पोरं पाहिजे होती, तीही धडधाकट. न्यूमोनियावरची नवी लस तपासायची होती. आपल्याकडं ज्याला डबा म्हणतात, ज्यात पोट भात्यासारखं हलतं आणि बघता बघता लेकरू हातचं जातं, तोच हा न्यूमोनिया.

पोरं गोळा करून ठरलेला आकडा भरायचं काम काकासाहेबाकडं. निवडणुकीला ट्रकात माणसं भरणारा हा गडी आता पाळणे रिकामे करत फिरत होता. अंगात पांढरी सफारी, खिशात अंगठ्याच्या शाईची डबी आणि आईच्या वयाच्या बाईला 'ए विमल' म्हणणारी जीभ, एवढीच त्याची कमाई.

विमलबाई म्हणजे बौद्ध वस्तीतली सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं; हा काकासाहेबही, त्याला ती काय करणार! साक्षरतेच्या वर्गात पन्नाशीत अक्षरं शिकली आणि तेव्हापासून पुडीचा कागदही वाचल्याशिवाय फेकत नव्हती. तिचा धाकटा पोरगा ऊसतोडीवर असताना कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, डब्यानं गेला होता. जाणत्यांचं ऐकून तिनं त्याच्या पोटाला बिब्ब्याचा डाग दिला होता. ते तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही. म्हणून दीड महिन्याच्या नातीला ही लस मिळावी असं तिला फार वाटत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टर बसला. "बाळ कसं आहे?"

"कुठं वो, अंगच धरत न्हाई," पहिली आई म्हणाली. दुसरी म्हणाली, "सारखं किरकिरतंय." मांडीवर गुटगुटीत गोळा आणि वर हे! परक्यापुढं आपलं लेकरू चांगलं म्हणायचं नाही, दृष्ट लागते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टरला मात्र नव्हतं. आई आजारी म्हणाली की मूल वगळायचं, असा त्याचा नियम. बसला लिहीत: आजारी, आजारी, आजारी. एवढं शिकून समोरच्या पोरापेक्षा कागदावर जास्त भरवसा!

विमलबाईची सून दीपा दृष्टबिष्ट मानत नव्हती. "चांगली हाय. दूध पिती, झोपती."

डॉक्टरचा चेहरा खुलला. काकासाहेबानं डबी उघडली. "लाव अंगठा."

"अंगठा कशाला? सही येती आमाला," विमलबाई मधे पडली. "आन् आदी वाचू द्या."

"चार पानं हायेत. तू वाचंस्तवर पोरीचं लगीन हुईल."

"हुऊ दे. तुला न्हाई बोलवत जेवायला."

बायका फिदीफिदी हसल्या. विमलबाईनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. निम्म्या पोरांना ही लस, निम्म्यांना दुसरी. कुणाला कुठली, ते डॉक्टरलाही कळणार नाही. ते तिला पटलं. ताडून बघायचं तर असंच बघावं लागणार. काकासाहेबाला मात्र कागदात असं काही आहे याचाही पत्ता नव्हता. तिसऱ्या पानावर ती अडली. मूल वर्षभर गावात पाहिजे. ताप आला तर जीप घरी येईल.

"दसऱ्यानंतर आमी ऊस तोडाय जातो, बेलापूरकडं. तिकडं येईल का जीप?"

काकासाहेबानं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. "गप की. गावातच ऱ्हातो म्हन. माजा आकडा भरतोय."

"आन् पोरीला ताप आला तर तुजा आकडा उशाला घिऊन बसू का?" ती मुद्दाम मोठ्यानं बोलली.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आजी, मग हे बाळ घेता येणार नाही. तसा नियम आहे."

वा रे नियम! डबा कुणाच्या पोरांना गाठतो? पौषातल्या गारठ्यात पाचटाच्या कोपीत निजणाऱ्यांच्या. आणि लस तपासायची कुणावर? तर पक्क्या भिंतीआड निजणाऱ्यांवर, कारण ती जागेवर सापडतात!

दीपा रडकुंडीला आली. "आत्याबाई, खोटं बोलला आस्ता तर काय बिघडलं आस्तं?"

विमलबाई डॉक्टरकडं वळली. "लस ऱ्हाऊ द्या. डबा वळखायचा कसा, येवढं तरी शिकवा. का त्यालाबी नियम हाय?"

डॉक्टर ओशाळला. घड्याळ काढून खाली सतरंजीवर बसला. दोन महिन्यांपुढच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त झाला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, की थेट दवाखाना. विमलबाईनं नातीचं पोट बघत मोजलं. आधी पोट वर गेलं की एक आणि खाली गेलं की दोन, असं मोजून आकडा दुप्पट करून ठेवला. डॉक्टर म्हणाला, वर आलं की एकच. तिनं परत मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. मघाच्या सगळ्या 'आजारी' पोरांच्या आयाही भोवती येऊन बसल्या. जेवण निवतंय म्हणून काकासाहेब जीपचा हॉर्न वाजवत राहिला. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पौषात, बेलापूरकडच्या ऊसतोडीच्या तळावर, पोरीला खोकला झाला. सकाळी विमलबाईनं मुलाचं, नितीनचं घड्याळ पुढ्यात ठेवलं. बासष्ट. परत मोजलं. चौसष्ट.

"दुपारी जा," छगन मुकादम म्हणाला. "आदी गाडी भरा."

तिनं पोर पदरात गुंडाळली, दीपाला हाताला धरलं आणि कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरपुढं आडवी उभी राहिली. श्रीरामपूरला दवाखान्यात पाच दिवस सुया टोचल्या. सहाव्या दिवशी नात तळावर परतली ती भुकेनं बोंबलतच.

"लई खाडं केलंस," मुकादम गुरगुरला.

विमलबाईनं नातीला दीपाच्या मांडीवर दिलं, कोयता उचलला आणि त्याच्याकडं न बघताच उसाच्या फडात शिरली.