पाहुण्याच्या ताटातला जबडा

सेबिनाला चिखलात दात सापडला की आख्ख्या शिवाराला कळायचं. गुहेतल्या खोदकामाची पोती खाली भाताच्या पाटावर यायची आणि आम्ही बायका चाळणीत माती धुऊन हाडं वेचायचो. मी हाड गुपचूप डबीत टाकायची. ही चाळणीसकट नाचायची! हाडं कुणाची, तर उंदरांची. आमच्या रानातल्या मांजराएवढ्या उंदराच्या, बेतूच्या, भाऊबंदांची. तिचा भाऊ रोफिनुस चिडवायचा, "डोंगर पोखरून उंदीर निघाला की लोक कपाळाला हात लावतात. आमची बाई गावाला कॉफी पाजते!"

मग एका सकाळी सगळ्यात खालच्या थराच्या पोत्यातून तिच्या चाळणीत अख्खा जबडा आला, दाढा जागच्या जागी. ती अशी ओरडली की पलीकडे लोळणाऱ्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

खोदकामावरच्या तज्ज्ञ इबू सेकारनी, म्हणजे सेकारबाईंनी, भिंग लावलं. "बेतूचा पूर्वज असेल, नाहीतर वेगळ्याच शाखेचा. बेतूचा जबडा शेजारी ठेवल्याशिवाय कसं सांगू? माझ्याजवळचा वाटेत फुटला." दुसऱ्या दिवशी त्या जावाला परत निघणार होत्या.

"मग आजच बघायचं!" सेबिना म्हणाली. "इतकी वर्षं चिखल उपसतेय. माझ्या हातून एकदा तरी काही नवं निघू दे."

रोफिनुस कुत्री घेऊन रानात गेला आणि दुपारी बेतू घेऊन आला. डोकं माझ्यासाठी बाजूला ठेव, असं सेबिनानं त्याला दहादा बजावलं होतं. पण त्याच संध्याकाळी तिच्या मुलीला, फानीला, मागणी घालायला मुलाचे वडील कानिसियुस यायचे होते. रोफिनुसनं गडबडीत शिकार चुलीपाशी टाकली, आणि चुलीपाशी कुणी काही सांगितलंच नाही. आमच्याकडे डोकं मानाच्या पाहुण्याला वाढतात. त्यात विचारायचं काय?

कानिसियुस म्हणजे करारी माणूस. दोन घरं नाकारून आले होते. सगळे चटईवर बसलो, इबूही होत्या. कानिसियुसनी ताटातलं डोकं फोडलं, जबडा सोडवून चोखला आणि कडकन मोडायला दाढेखाली धरला.

"थांबा!"

सेबिनानं हात घातला आणि त्यांच्या तोंडातून जबडा ओढून काढला.

मी डोळेच मिटून घेतले. गेली सोयरीक! पाहुण्याच्या तोंडचा घास काढायचा म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखंच. फानी पांढरीफटक पडली.

"अगं बाई, डोकं फिरलं का तुझं?" रोफिनुस पुटपुटला.

"आमांग, वडीलधारे तुम्ही, मागाहून हव्या तेवढ्या शिव्या द्या," सेबिना त्यांना म्हणाली, "पण हे आधी बघू द्या!"

इबूंनी पिशवीतून कापसात ठेवलेला जबडा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. आम्ही सगळे वाकलो. कानिसियुससुद्धा, बोटांवरचा रस्सा तसाच. भिंग इकडून तिकडे फिरलं, परत फिरलं.

"दाढेच्या कोपऱ्यातला हा उंचवटा बघा," इबूंचा आवाज चढत गेला. "बेतूला आहे. बेटावरच्या सगळ्या जुन्या उंदरांना आहे. तुझ्या जबड्यात नाही, त्यानं तो घालवलाय. आजोबानं घालवलेलं नातवाकडे कुठून येणार? हा बेतूचा आजोबा नाही, सेबिना! चुलत घराणं दिसतंय. पुढची तपासणी व्हायचीय, पण असा जबडा मी तरी आजवर पाहिला नाही!"

सेबिनानं उडीच मारली. मला काय झालं कोण जाणे, मीही टाळ्या पिटायला लागले. मग तिचं लक्ष समोरच्या ताटाकडे गेलं आणि ती मटकन खाली बसली.

कानिसियुसनी हात पुसला. "दोन घरी जेवलो मी. दोन्हीकडे माझ्या ताटाकडे बघायचीसुद्धा कुणाची छाती झाली नाही. तोंडातला घास ओढायची ती फक्त माझी बहीण. ती गेली, तेव्हापासून जाईन तिथे मी पाहुणाच."

ते फानीकडे वळले.

"एनू, पोरी, आईला विचार, लग्न कधी धरायचं. आणि तोवर मला दुसरं काहीतरी वाढ, भूक लागलीय."