डावा हात खिशात

विद्यापीठातल्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राची नवी इमारत सगळी काचेची आहे. दारातच एक जुना फोटो लावलाय. सायकल स्टँडच्या पत्र्याच्या शेडपुढे पाच तरुण उभे आहेत आणि पाचही जणांचा डावा हात पँटच्या खिशात. केंद्राची सुरुवात त्याच शेडमध्ये झाली.

"काय रुबाब होता हो तुमचा!" मी शेजारी उभ्या असलेल्या शिंदेमामांना हसत म्हणालो. मामा इथले पहिले मेकॅनिक, आता निवृत्त. फोटोतला कडेचा तरुण म्हणजे तेच.

"रुबाब कसला, साहेब! नियम होता तो. मशीन उघडलं की डावा हात खिशात. बंद केलेल्या मशीनमध्येसुद्धा वीज साठून राहते. दोन्ही हात लागले तर एका हातातून शिरते आणि काळजातून जाऊन दुसऱ्या हातातून बाहेर पडते. अंगवळणी पडलं होतं. फोटोच्या वेळी हात काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही."

माझं हसू तिथंच थिजलं. घरी बटण दाबलं की पंखा फिरतो. त्या बटणाच्या पार पलीकडे कुणी असा एक हात आवरून, जीव मुठीत धरून उभा राहिला असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"पण हा नियम केला कुणी?"

मामांनी फोटोतल्या दोघांमधल्या मोकळ्या जागेवर उजव्या हाताचं बोट ठेवलं.

"या फोटोच्या आधी आम्ही सहा जण होतो."