एक जूनची पोरं आणि डेन्मार्कची ताई

मदतीला येऊन कामं वाढवून ठेवणाऱ्यांची जगात कुठे स्पर्धा भरली, तर आमच्या बालगृहातली डेन्मार्कची ताई बिनविरोध पहिली येईल आणि बक्षीस घ्यायला मात्र दोन तास उशिरा पोचेल. उशीर का झाला म्हणून विचारलं तर वाटेत एक म्हैस फार छान बसली होती, असं काहीतरी उत्तर मिळेल. बरं, ते उत्तर खोटंही नसेल. मी जन्मभर शाळेत शिकवलं, उशिरा येणाऱ्या पोरांच्या थापा ऐकून ऐकून माझे कान किटलेले. पण ही मुलगी म्हशीचं वर्णन अशा काही तंद्रीत करायची, की पुढे रागवायचं होतं हे मीच विसरून जायची.

निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मी काळेवाडीहून दोन बस बदलून रोज निघोज्याच्या या बालगृहात पोरांचा अभ्यास घ्यायला जाते. तिथेच एका दुपारी ही रिक्षातून उतरली. वय एकोणीस, शाळा संपवून कॉलेज सुरू व्हायच्या आधी वर्षभर परदेशात अनाथ मुलांची सेवा करायची, असा तिकडे म्हणे रिवाज आहे. ताडमाड उंच, केस वाळल्या गवताच्या रंगाचे. दारातून आत येताना चौकटीवर डोकं आपटलं आणि तिने आधी चौकटीकडे बघून 'सॉरी' म्हटलं. पुढे वर्षभर ती रोज त्याच चौकटीवर आपटत राहिली. पोरांनी शेवटी तिथे जुनी लाल रिबीन बांधली. ती रिबीन बघत बघत आपटायची. आभार मानण्याचा तर तिला आजारच होता. गॅसची टाकी आणणाऱ्याला धन्यवाद, बोअरच्या पाण्याला धन्यवाद, ताटात पडलेल्या प्रत्येक पोळीला वेगळा धन्यवाद. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी लातूरकडच्या. त्या एकदा कावून म्हणाल्या, "एवढे धन्यवाद ठिवू कुठं माय? डबे भरले माझे सगळे!" मराठी ती या मावशींकडूनच शिकली. त्यामुळे डेन्मार्कहून आलेली ही पोरगी मला सकाळी सकाळी विचारायची, "बाई, काय करायलाव? जेवलाव का?"

सकाळी मुलींच्या वेण्या घालायचं काम तिच्याकडे दिलं होतं. मावशींच्या हातून वीस मिनिटांत उरकणारं हे काम हिला दीड तास पुरायचं. कारण वेणी घालता घालता ती प्रत्येकीला रात्री काय स्वप्न पडलं ते विचारायची आणि उत्तर ऐकताना हातातले तीन पेड तसेच धरून खिडकीबाहेर बघत बसायची. आमच्या पोरींना तोवर स्वप्नांबद्दल कुणी विचारलेलंच नव्हतं. आधी त्या नुसत्याच लाजल्या, मग पडायला लागली एकेकीला. चाकणच्या रस्त्यावरून नव्या गाड्या लादून जाणारे ते लांबलचक ट्रेलर आहेत ना, त्यातला एक एकीच्या स्वप्नात इंद्रायणीवरून तरंगत गेला आणि सगळ्या गाड्यांमध्ये या पोरी बसल्या होत्या. दुसरीच्या स्वप्नात कंपनीचा भोंगा झाला आणि शेडमधून कामगारांऐवजी बगळे सुटले. शाळेला उशीर व्हायचा, मी दारात उभी राहून ओरडायची, आणि खरं सांगते, ओरडता ओरडता एक कान त्या बगळ्यांकडे असायचा.

एकदा मावशींनी तिला कोथिंबिरीला पाठवलं. आमटी उकळून, निवून, पुन्हा उकळली तरी ही गायब. अखेर मीच शोधायला निघाले, तर गावातल्या एका जुन्या शेतकरी घराच्या ओट्यावर ही मांडी घालून पिठलं-भाकरी खात होती. घरातली म्हातारी मलाच म्हणाली, "आवं, पोरगी रस्त्यात हुबी ऱ्हाऊन आमच्या चुलीच्या धुराकडं बगत हुती. म्हनलं उपाशी हाय जनू. परमुलखाची लेक, उपाशी न्हाई जाऊ द्यायची." कोथिंबीर म्हातारीनेच परसातून काढून दिली. त्या दिवसापासून आम्हाला कोथिंबीर कधी विकत आणावी लागली नाही, हेही कबूल करायला हवं.

पण या तंद्रीखोर मुलीने एके दिवशी मला असं काही पकडलं की बस. पोरांची रजिस्टरं नीट लावून ठेवायला मी तिला बसवलं होतं. तासाभराने ती हळूच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, एक जूनला इथे काय झालं होतं?" मला कळेना. तिने रजिस्टर पुढे केलं. जवळजवळ सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जून. तिला वाटलं, त्या दिवशी इथे काही मोठं संकट आलं असावं, नाहीतर एखादा चमत्कार. मी पोट धरून हसले. तिला सांगितलं, अगं, ज्याची तारीख ठाऊक नाही त्याची आम्ही एक जून लावतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मोजायला सोपं जातं. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो, माझासुद्धा. मी शाळेत असताना अशा किती 'एक जून' तारखा स्वतःच्या हाताने लिहिल्या त्याला गणती नाही. ती हसली नाही. म्हणाली, "मग यांचा स्वतःचा दिवस कुठाय?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मला स्वतःलाही कधी सुचलं नव्हतं. मला लाज वाटली.

त्याच संध्याकाळी तिने पोरांना जमवलं आणि जाहीर केलं, की कागदावर काहीही असो, प्रत्येकाने आपला वाढदिवस आपणच शोधायचा. आणि भावनेच्या भरात पुढे म्हणाली, "सगळ्यांचे वाढदिवस झाल्याशिवाय मी जाणार नाही." झालं! रोज कुणाला ना कुणाला आपला दिवस सापडायला लागला. एकाला पोळा हवा, कारण त्या दिवशी बैलांनाही सजवतात. एकीला निकालाचा दिवस नको, बाकी कुठलाही चालेल. ज्याचा दिवस असेल त्याला पाटावर बसवायचं, ताईने निरांजन घेऊन ओवाळायचं आणि मावशींनी शिरा करायचा. ओवाळताना ताईची तंद्री लागायची आणि ताम्हन फिरतच राहायचं. पोरं मान फिरवून फिरवून चक्कर आल्याचं नाटक करायची. मलाही तिने सोडलं नाही. मी आपली कोजागिरी सांगून टाकली, आणि चौसष्टाव्या वर्षी पोरांच्या टाळ्यांत पाटावर बसले. फार बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू?

फक्त रेणूला तिचा दिवस सापडेना. रेणू आठ वर्षांची, बोलणं मोजकं, नजर मात्र घारीची. दर सोमवारी ताई तिला विचारायची आणि दर सोमवारी ती मान हलवायची. "दिवाळीत नको, तेव्हा सगळेच नवीन कपडे घालतात." "थंडीत नको, शिरा लगेच गार होतो." "संक्रांतीला नको, तिळगूळ असतो, मग शिरा कोण खाणार?" मी अर्थातच ओळखलं. माझ्या हाताखालून अशी पोरं कमी गेली नाहीत. मी ताईला म्हटलं, "पोरगी तुला अडकवून ठेवतेय गं. तिचा दिवस सापडला, की तू मोकळी होणार ना." दुसऱ्या दिवशी ताईने विमानाचं तिकीट पुढे ढकललं.

पण व्हिसा काही ढकलता येईना, आणि तिकडे कॉलेजही थांबणार नव्हतं. शेवटच्या आठवड्यात ताई वेळेवर यायला लागली. वेण्या वीस मिनिटांत व्हायला लागल्या, कोथिंबीर फोडणीच्या आधी पोचायला लागली, चौकटीपाशी ती न चुकता वाकायला लागली. वर्षभर मी ज्यासाठी ओरडत होते ते सगळं झालं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. जायच्या आदल्या दिवशी ती गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमागे बसून रडत होती. मला म्हणाली, "बाई, मी दिलेला शब्द मोडायलेय." मी तिला समजावलं की पोरं विसरतात. खोटंच होतं ते. अशा घरातली पोरं शब्द विसरत नाहीत, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

जायच्या दिवशी दुपारी फाटकात गाडी येऊन उभी राहिली. पोरं व्हरांड्यात रांगेने मुसमुसत होती, मावशी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, आणि ताई सगळ्यांना एकेक करून जवळ घेत होती. रेणू कुठे दिसेना. गाडीत बॅगा चढल्या तेव्हा ती स्वयंपाकघरातून पाट ओढत ओढत आली. व्हरांड्याच्या मधोमध तिने पाट मांडला आणि स्वतःच त्यावर जाऊन बसली. म्हणाली, "ताई, सापडला. आज आहे माझा."

मग काय विचारता! मावशी शिऱ्याला धावल्या, कुणी निरांजन आणलं, कुणी ड्रायव्हरला आत बोलावून सतरंजीवर बसवलं. ताईने ओवाळलं. ताम्हन नेहमीसारखंच कितीतरी वेळ फिरत राहिलं आणि रेणूने मान मुळीच फिरवली नाही, ती सरळ ताईकडे बघत राहिली. ड्रायव्हर दोनदा शिरा मागून घेऊन म्हणाला, "राव, आता निघायला लागंल, मुंबईचं विमान हाय." गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा पोरं टाळ्या वाजवून वाढदिवसाचं गाणं म्हणत होती. एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं.

धूळ खाली बसल्यावर मी रेणूला विचारलं, "आजचाच दिवस का गं निवडलास?" ती बोटाला लागलेला शिरा चाटत म्हणाली, "ताई काल गच्चीवर रडत होती ना. आता सगळ्यांचे झाले. आता ती जाऊ शकते." मग तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि दटावलं, "बाई, कुणाच्या वाढदिवसाला रडायचं नसतं."

मी तिला जवळ ओढलं. एवढ्या पोरांना शिस्त लावली मी, पण त्या दुपारी तिचं तेवढं एक काही मला ऐकता आलं नाही.