ओकचं कपाट आणि आजारी नीरो

इलारियो माझा धाकटा भाऊ. वेलेत्री स्टेशनावर तीस वर्षं तिकिटं फाडली त्यानं, पण रोमचे प्रोफेसर त्याला अहो-जाहो करतात. का, तर जुन्या रोमच्या उतरत्या काळातली ब्राँझची पदकं. नाणी नव्हेत, आठवणीसाठी पाडलेली. काठाला खोल खाच, एकीकडे राजाचं तोंड, दुसरीकडे शर्यतीचे घोडे. दोन पदकं एकाच ठशाची की नाही, हे तो भिंगातून घोड्याच्या शेपटीवरून सांगतो. नीरो बादशहाचं तोंड असलेल्या एका पदकावरून तर त्याचं नाव मासिकात छापून आलं. मी पाचवी शिकलो, पण असा भाऊ अख्ख्या गावात कुणाला आहे? आणि त्यानं जमवलेल्या पदकांचं कपाट केलं ते मी, सहा वर्षांपूर्वी. अस्सल ओकचं लाकूड, एकट्यानं उचलता येईल एवढं, चाळीस खण, एक खिळा नाही.

मार्चात एका संध्याकाळी त्याच्याकडे गेलो, तर हा त्या नीरोच्या पदकाला सुईनं टोचत बसलेला. खाली हिरवी भुकटी.

"जुनं म्हटल्यावर हिरवं असायचंच," मी म्हटलं.

"कडक हिरवं चालतं, दादा. हे मऊ आहे. रोग आहे हा, आतून खातो."

त्याची बायको नीवेस चुलीपाशी कांदा चिरत होती. "आता सांगून टाका भावोजींना. सहा वर्षं पोटात ठेवलंय."

"गप गं तू!"

"काय सांगायचंय?" मी ओरडलो.

"ओकला आंबट वाफ सुटते. बंद खणात ब्राँझला बाधते. मी रोज खण उघडून हवा द्यायचो. पण फेब्रुवारीत आठ दिवस दवाखान्यात..."

"मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीस, गाढवा?"

"या कपाटासाठी चार महिने खपला होतास तू."

त्यानं ओल्या कापसाच्या बरणीत नीरो ठेवून झाकण लावलं. सकाळपर्यंत नवं हिरवं फुटलं, तर रोग जिवंत. घरी आलो तरी डोक्यात तेच. चाळीस खण, आणि प्रत्येकात एक. अजून किती गेली असतील?

सकाळी सहाला त्याच्या दारात उभा. झाकण काढायला त्याचा हात होईना, मी काढलं. नीरोच्या कानामागे ओला हिरवा ठिपका.

मी एकेक खण ओढून टेबलावर ठेवायला लागलो.

"राहू दे ना, दादा. मी हवा देत जाईन."

"पदकं उचल आधी. ओकात आता एकही ठेवायचं नाही," मी म्हटलं, आणि रिकामं कपाट खांद्यावर घेऊन दाराबाहेर पडलो.